हायब्रिडची मागची मोटर बर्फात साथ देत नाहीये, तपासणी कुठून सुरू करायची?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हायब्रिड एसयूव्ही आहे. पुढे पेट्रोल इंजिन आणि मोटर, मागच्या अ‍ॅक्सलवर वेगळी मोटर. मधे पुढून मागे जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, नाही. गेल्या हिवाळ्यापर्यंत बर्फातली चढण कुरकुर न करता चढायची. या हिवाळ्यात मात्र चढणीवर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, मागून ढकलल्यासारखं काही वाटतच नाही, आणि डॅशबोर्डवर 'फोर व्हील ड्राइव्ह तपासा' असा संदेश येतो. सोबत एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली आणि थोडी पळवली की दिवे जातात. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की मग काहीच तक्रार नाही.

माझ्याकडचा साधा ओबीडी रीडर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) एकही कोड दाखवत नाही. एका ओळखीच्यांनी 'मागची मोटर गेली' असं ठामपणे सांगितलंय, तेव्हापासून धास्ती बसलीये. घरातली सगळी याच गाडीने जातात, त्यामुळे अंदाजावर सोडून द्यायचं नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

वंगण

मोटर जळली असती तर गाडी पळवल्यावर दिवा गेला नसता. मोटर बदलायचा विषय तूर्तास मनातून काढून टाका.

तुमच्या रीडरबद्दल आधी सांगतो. साधे रीडर फक्त इंजिनच्या कंट्रोल युनिटशी बोलतात. एबीएसचं युनिट वेगळं, हायब्रिडचं वेगळं, काही गाड्यांत फोर व्हील ड्राइव्हचं आणखी वेगळं. दिवा लागून गेला असेल तर कोड कुठेतरी नोंदवलेला असणारच. सगळी युनिट वाचणारा स्कॅनर मिळवा आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्या. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, तापमान, व्होल्टेज वगैरे सगळं त्यात असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करायचा सल्ला बरेच जण देतात. तो अजिबात ऐकू नका, सगळा पुरावा जाईल.

आता मूळ मुद्दा. अशा गाडीत मागून जोर न येण्याची तीन अगदी वेगळी कारणं असू शकतात. यंत्रणेला जोर लावणं शक्य नाही, म्हणजे मोटर तापलीये किंवा मोठी बॅटरी फार गार पडलीये. किंवा तिला परवानगी नाही, म्हणजे कुठल्यातरी सेन्सरची खात्री वाटत नाही म्हणून कंट्रोल युनिटने मागची मोटर बाजूला ठेवलीये. किंवा जोर लागतोय, पण टायरच धरत नाहीये. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला तिन्ही वेळा सारखंच वाटतं, म्हणून लोक घाईने मोटरकडे बोट दाखवतात.

हे वेगळं काढायची माझी पद्धत अशी की बिघाड कधी होतो त्यापेक्षा आपोआप कधी जातो ते आधी विचारायचं. खोल बर्फात बराच वेळ चाकं फिरवली, संदेश आला, थोडा वेळ उभं राहिल्यावर गेला, तर मोटर तापली होती. ते तिचं संरक्षण आहे, बिघाड नव्हे. रस्ते कोरडे झाल्यावर जातो आणि ओल आली की परत येतो, तर मोटरला वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेज) केबलचं इन्सुलेशन तपासायला हवं. गाडी उबदार जागी रात्रभर ठेवल्यावर जातो, तर चाकापाशी कुठेतरी बर्फ घट्ट बसत असणार. इंजिन आणि बॅटरी गरम झाल्यावर जातो, तर थंडीमुळे शक्तीवर आलेली मर्यादा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली जोरात चार्ज केली तर आत धातूचा थर बसून तिचं कायमचं नुकसान होतं, म्हणून प्रणाली चार्जिंगवर हात आखडता घेते. गारठ्यात बॅटरीतून बाहेर निघणारी शक्तीही कमी होते.

तुमच्या बाबतीत तो कधी जातो, ते नीट आठवून लिहा. तापमान, टायर, वेग, जे सुचेल ते सगळं.

---

हिमरेषा

टायरचं आधी सांगा. चारही एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले आहेत का? पुढे नवे, मागे जुने अशी जोडी असेल तर घेर बदलतो आणि चाकांचे वेग कायमचे वेगळे दिसतात. 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) एवढंच छापलेल्या टायरला मी बर्फाचा टायर म्हणणार नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं, कारण ते बर्फावर प्रत्यक्ष चाचणी घेऊनच देतात.

हवासुद्धा बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. शरद ऋतूत भरलेली हवा कडाक्याच्या थंडीत पुरत नाही.

---

घाटवाट

धन्यवाद दोघांनाही. क्रमाने सांगतो.

टायर चारही हिवाळी, एकाच वेळी घेतलेले, हिमकणाचं चिन्ह आहे. नक्षी सगळीकडे ६ मिलिमीटरच्या वर. हवा थंड टायरवर मोजून बरोबर केली आहे. बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवते, गाडी 'रेडी' झाली की १४ च्या आसपास.

संदेश येतो तेव्हा तापमान उणे ५ ते उणे १० असतं, पण शून्याच्या जवळ असतानाही आलाय. गाडी पूर्ण गरम असली तरी येतो. खोल बर्फ लागत नाही, दाबून गुळगुळीत झालेल्या पातळ थरावरही येतो. कोरड्या थंडीतही येतो. थांबून राहिल्याने काही फरक पडत नाही. बंद करून चालू करावी लागते आणि मग थोडं वेगात जावं लागतं, तेव्हा दिवे जातात.

आणखी एक. याचा संबंध आहे की नाही कल्पना नाही. सिग्नलला अगदी हळू थांबताना, गाडी जवळजवळ थांबलीच आहे अशा वेळी ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. कोरड्या डांबरावरसुद्धा. हायब्रिडमध्ये मोटरच्या ब्रेकिंगवरून साध्या ब्रेकवर जाताना असं होत असावं असं मी धरून चाललो होतो.

---

विद्युतभार

मला नारिंगी केबलची शंका येते. मागच्या मोटरला जाणारी उच्च दाबाची केबल गाडीच्या पोटाखालून जाते. रस्त्यावर मीठ टाकतात तिथे मोटरच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरतं आणि केबलभोवतीची धातूची जाळी गंजत जाते. बाहेरून आवरण धड दिसतं, आत हिरवी-पांढरी भुकटी झालेली असते. आधी इशारे येऊन-जाऊन असतात, पुढे गाडी 'रेडी' व्हायलाच नकार देते.

यात ओळखीचा कोड म्हणजे पी०एए६. उच्च दाबाच्या यंत्रणेचं इन्सुलेशन गाडीच्या सांगाड्याच्या तुलनेत कमी झालं, असा त्याचा अर्थ. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १०० मध्ये एसी-डीसी जोडलेल्या यंत्रणेला प्रत्येक व्होल्टमागे किमान ५०० ओम इन्सुलेशन ठेवायला सांगितलंय. ६५० व्होल्टवर चालणाऱ्या भागाला म्हणजे ३,२५,००० ओम.

एक कळकळीची विनंती. वाकून कनेक्टर बघा, फोटो काढा, पण हात लावू नका आणि त्यावर प्रेशरचं पाणी मारू नका. मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधले (मोटरला वीज पुरवणारा भाग) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो. १००० व्होल्टचे हातमोजे आणि प्रशिक्षण असलेल्या माणसाचंच ते काम आहे. पुढची चाकं जॅकवर घेऊन 'मागची फिरतात का' हे तर कुणीही बघू नये. मागची मोटर अचानक जोर लावते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

---

वंगण

विद्युतभार, केबलबद्दल लिहिलंय ते सोळा आणे खरं आहे आणि हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं. पण घाटवाट यांच्या गाडीला ते लागू होत नाही असं माझं मत. कोरड्या थंडीत इन्सुलेशन सुधारायला हवं, इथे ओल-कोरडं काही फरकच पडत नाही. शिवाय इन्सुलेशनच्या तक्रारीत एबीएसचा दिवा सोबत यायचं कारण नाही.

घाटवाट, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं सगळ्यात मोलाचं आहे. मोटरच्या ब्रेकिंगवरून पॅडवर येताना किंचित धक्का जाणवतो, पण पेडल थरथरत नाही. कोरड्या डांबरावर, माणूस चालतो तेवढ्या वेगात पेडल थरथरतं म्हणजे एबीएस काम करतंय, तेही विनाकारण. कुठलं तरी एक चाक 'मी थांबलो' असं सांगतंय, बाकीची तीन अजून फिरताहेत. एबीएसला वाटतं चाक लॉक झालं, म्हणून ते ब्रेक सोडतं आणि गाडी पुढे सरकते.

तेच चाक तुमच्या चढणीवर खोटं बोलतंय. मागची मोटर किती जोर लावायचा हे चार चाकांच्या वेगांवरून ठरतं. पुढची घसरून फिरताहेत, मागचं एक हळूहळू सरकतंय, दुसरं शून्य दाखवतंय. असा विसंगत हिशोब काही क्षण टिकला की स्थिरता यंत्रणा स्वतःला बंद करते आणि तिच्यावर अवलंबून असलेली मागची मोटरही जाते. गाडी पुन्हा चालू करून वेगात गेल्यावर चारही आकडे जुळतात, म्हणून दिवे जातात. तुमचं सगळं वर्णन यात बसतं.

स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच पडद्यावर आलेखात लावा. मोकळी, सपाट, कोरडी जागा बघा. शेजारी कुणाला तरी स्कॅनर बघायला बसवा, तुम्ही फक्त गाडी चालवा. ३० पर्यंत न्या आणि ब्रेक न दाबता, निव्वळ घरंगळत थांबू द्या. ज्या रेषेला आधी जमीन दिसेल ते चाक. ऊर्जेचे बाण दाखवणारं डॅशबोर्डवरचं चित्र यासाठी वापरू नका. ते उशिरा बदलतं आणि चाकाचा वेग त्यात दिसतच नाही.

---

सायली_ग

मधेच विचारते, सेन्सर बिघडला असेल तर तो सगळ्याच वेगात बिघडलेला दिसायला हवा ना? फक्त हळू जातानाच का?

---

नटबोल्ट

सायली, चांगला प्रश्न आहे, आणि माझं रोजचं काम हेच असल्याने सविस्तर सांगतो.

चाकाच्या बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय कडं असतं, त्यावर उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या साधारण ४०-५० जोड्या. सेन्सर त्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसतो आणि प्रत्येक जोडी समोरून गेली की एक पल्स पाठवतो. चाकाचा घेर दोन-सव्वादोन मीटर धरला तर दर साडेचार-पाच सेंटिमीटरला एक पल्स. हळू जाताना पल्स मुळातच विरळ, त्यातल्या लागोपाठ काही गळल्या तर चाक उभं आहे असंच वाटणार. वेगात असताना पुढची पल्स लगेच येते, गळती हिशोबात विरून जाते.

पल्स गळतात का? माझ्यासमोर येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा सेन्सर धडधाकट असतो. तो ज्या खोबणीत बसतो तिथे मिठाच्या पाण्याने गंज धरतो, गंजाचा थर फुगतो आणि सेन्सरला केसभर वर उचलतो. अंतर वाढलं की चुंबकाची पकड कमी होते. हिवाळ्यागणिक थर वाढत जातो, म्हणून गेल्या वर्षी ठीक होतं आणि यंदा नाही. काही वेळा लोखंडाचा कीस कड्याला चिकटलेला असतो, तर काही वेळा कड्यालाच तडा गेलेला असतो.

गाडी उचलून फक्त सेन्सर बदलून देणारे बरेच आहेत. गंज तसाच ठेवून नवा सेन्सर बसवला तर तोही तितकाच वर बसणार, आणि पुढच्या थंडीत तुम्ही परत त्याच दारात. घासा असं आवर्जून सांगा.

---

घाटवाट

मंडळी, निकाल आला.

सगळी युनिट वाचणारा स्कॅनर मित्राकडून आणला. एबीएसच्या युनिटमध्ये मागच्या डाव्या चाकाच्या सिग्नलचा कोड होता, तोही 'जुना' म्हणून साठवलेला. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ६ किमी. हायब्रिडच्या युनिटमध्ये काहीही नाही, पी०एए६ तर नाहीच.

मग वंगण यांनी सांगितल्याप्रमाणे घरंगळत थांबायची चाचणी केली, आलेख बघायला बायकोला शेजारी बसवलं. ३० पासून १० पर्यंत चारही रेषा एकमेकींवर चिकटून. ९ च्या खाली मागची डावी रेषा आधी दातेरी झाली, मग एकदम शून्यावर पडली, परत ७ वर उडाली, परत शून्य. बाकीच्या तिघी सुरळीत उतरत होत्या. पुन्हा केली, तेच. ब्रेकला पाय लावून केली, तर रेषा शून्यावर पडते नेमक्या त्याच क्षणी पेडल थरथरलं. बायको आलेख वाचून 'आता' म्हणायची आणि माझ्या पायाला कळायचं.

आता ही गाडी वर्कशॉपमध्ये न्यायची, तर त्यांना नेमकं काय सांगू?

---

नटबोल्ट

वा, इतका स्वच्छ पुरावा घेऊन फार कमी लोक येतात. आलेखाचा व्हिडिओ सोबत न्या.

सांगायचं असं: सेन्सर सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. गंजात अडकलेल्या सेन्सरचं प्लास्टिक डोक्यातून तुटतं, म्हणून नवा सेन्सर हाताशी ठेवूनच काम सुरू करावं. खोबण आणि सेन्सर टेकतो ती सपाट जागा ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करायची, पण कीस आत पडू द्यायचा नाही, तो थेट चुंबकी कड्यावर जाऊन बसतो. भोकातून टॉर्च मारून कडं पूर्ण फिरवून बघायचं. तडा किंवा सोललेला भाग दिसला तर बेअरिंगच बदलावं लागेल. बेअरिंग बदलताना कड्याची बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. उलट बसवलं तर सिग्नल येणारच नाही, आणि ते बेअरिंग प्रेसमधून काढताना वाया जातं. काही गाड्यांत सेन्सर हबसोबत एकसंध असतो, तिथे हबच बदलतात.

वायरही बघायला सांगा. सस्पेन्शनसोबत ती सतत वाकते, आणि बर्फाचा गोळा तिच्यावर गोठला की क्लिपमधून ओढली जाते.

---

हिमरेषा

आणि तिथवर चालवत नेताना लक्षात असू द्या, दिवे लागलेले असताना एबीएस आणि स्थिरता यंत्रणा नाहीत असं धरूनच चालवा. वाटेत अडकलात तर चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवरच न्या. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मागची मोटर फिरते, आणि कायम चुंबकाची मोटर फिरली की वीज तयार करते. मॅन्युअलमध्ये बहुतेक ठिकाणी हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

---

घाटवाट

काम झालं. सेन्सरखाली तपकिरी पापुद्र्यांचा थर होता, नखाने सुटत होता. सेन्सर एका बाजूने तिरका उचलला गेला होता. खोबण साफ केली, नवा सेन्सर बसवला. कडं शाबूत निघालं, बेअरिंगला हात लावावा लागला नाही. मुद्दाम पलीकडचाही उघडायला लावला. तिथे गंजाची नुकतीच सुरुवात होती, तोही साफ करून घेतला. मागच्या मोटरला कुणी स्पर्शही केला नाही. नारिंगी केबलच्या कनेक्टरचे फोटो काढून घेतले, तिथे सध्या सगळं कोरडं आणि स्वच्छ आहे.

घरंगळत थांबल्यावर आता चारही रेषा एकत्र शून्यावर येतात. पेडलची थरथर गेली.

चढणीवरची चाचणी अजून बाकी आहे. ती सुरक्षितपणे कशी करावी?

---

वंगण

फार बरं वाटलं वाचून.

चढणीवर थेट जाऊ नका. आधी मोकळ्या, सपाट, बर्फ दाबलेल्या जागेत थांबा, स्टिअरिंग सरळ ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हळू पण निश्चित दाबा. स्कॅनरवर दोन आकडे ठेवा: मागच्या मोटरकडे मागितलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि तिने दिलेला टॉर्क. दोन्ही सोबत वर गेले तर यंत्रणा ठीक. मागितला पण दिला नाही, तर शक्तीची मर्यादा किंवा मोटरचा प्रश्न. मागितलाच नाही, तर परवानगीचा.

मग सौम्य चढण घ्या. तिथे एक गोष्ट होऊ शकते, तिला बिघाड समजू नका. मागे-पुढे दोन्हीकडे साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) असेल आणि पुढचं एक व मागचं विरुद्ध बाजूचं अशी कर्णरेषेतली दोन चाकं निसरड्यावर आली, तर ती दोन फिरतात आणि गाडी उभी राहते. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून यंत्रणा जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते, पण त्याला एक-दोन सेकंद लागतात. घाबरून पाय सोडलात तर ते घडतच नाही. खोल बर्फात उलट, ट्रॅक्शन कंट्रोल शक्ती इतकी कापतं की गाडी हलत नाही. बाहेर निघण्यापुरतं ते बंद करा आणि निघालात की लगेच चालू करा.

आपल्या गाडीची मागची मोटर केवढी आहे तेही माहीत करून घ्या. टोयोटाने २००१ च्या एस्टिमा हायब्रिडपासून मागे वेगळी मोटर द्यायला सुरुवात केली, पण सगळ्या सारख्या नाहीत. २०१९ च्या प्रियस एडब्ल्यूडी-ई मध्ये ती ५.३ किलोवॉटची आहे आणि साधारण ७० किमी वेगापर्यंतच मदत करते, त्याच सुमाराच्या रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये ४० किलोवॉटची. छोटी मोटर गाडीला जागेवरून हलवायला असते. लांबलचक चढणीवर तिच्याकडून सतत जोराची अपेक्षा ठेवली तर चांगली गाडीही बिघडलेली वाटेल.

---

सायली_ग

माझ्या हायब्रिडला मधे शाफ्ट आहे, मागे मोटर नाही. तिथेही हेच सगळं लागू का? मला वळताना मागून 'घर्र' असा आवाज येतो, दिवा मात्र कुठलाच नाही.

---

नटबोल्ट

चाकांचे वेग, टायर, बारा व्होल्ट हे सगळं तसंच लागू. पुढचं वेगळं आहे. तुमच्याकडे मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी क्लच असलेलं कपलिंग असतं, गरज पडली की ते आवळलं जातं. हळू वेगात पूर्ण वळण घेताना घर्र आवाज येतो आणि सरळ रस्त्यावर येत नाही, तर आधी त्याचं आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललं ते बघा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घाला, दुसऱ्याने क्लच थरथरतो. टायरच्या घेरातला फरक इथे जास्त नडतो, कारण शाफ्टने मागचं-पुढचं खरोखर जोडलेलं आहे आणि तो फरक क्लचला घसरून भरून काढावा लागतो.

आवाज सरळ रस्त्यावरही येत असेल आणि वेगाबरोबर चढत असेल, तर बेअरिंग. नेमका कुठल्या वेगात, डावीकडे वळताना की उजवीकडे, आणि टायरची नक्षी चारही चाकांवर किती मिलिमीटर, एवढं मोजून इथेच लिहा, पुढचं बघू.